मशेरीच्या डबीपासून लिऑनपर्यंत

शहापूर-मुरबाडकडे मशेरी अजूनही घरच्या घरी भाजली जाते. तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत परतायची, चुरायची, डबीत भरून ठेवायची आणि वाटेल तेव्हा बोटाने हिरड्यांना घासायची. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचं नातं जगाला कळलं, त्यात महाराष्ट्रातल्या खेड्यांचा वाटा फार मोठा आहे. इकडे मात्र हे फारसं कुणी सांगत नाही.

परळचं टाटा रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं. तिथल्या डॉ. वसंत खानोलकरांनी १९४४ मध्ये मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा अमेरिकी नियतकालिकात छापला. १९५० ते ५४ ते कर्करोगविरोधी आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्ष होते. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. फली मेहता आणि कोपनहेगनचे डॉ. येन्स पिंडबोर्ग यांच्या चमूने पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली. पांढरे चट्टे कुणाला, तो काय खातो, काय ओढतो, याच्या नोंदी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. लाखभर माणसांनी परक्या डॉक्टरपुढे तोंड उघडलं, हे मला आजही थोर वाटतं.

लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था १९६५ ची. तिने तंबाखूचा विडा १९८५ मध्ये कर्करोगकारक ठरवला. नुसती सुपारीही तशीच, हे सांगणारा खंड २००४ चा.

खेड्यांचा वाटा तंबाखूपुरताच नाही. बार्शीला १९८७ मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्याच बळावर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात लिऑन, टाटा आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी १,३१,७४६ बायकांचा अभ्यास हाती घेतला. हा कर्करोग एचपीव्ही विषाणूमुळे होतो हे तोवर कळलं होतं. प्रश्न होता, एकदाच तपासून जीव वाचतो का? २००९ मध्ये उत्तर आलं. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४ मृत्यू. ज्यांना नेहमीचीच आरोग्यसेवा होती, त्या गटात ६४. त्या चौसष्ट जणींवरून पुढे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. तपासणी न झालेल्या गटाशी तुलना केल्याशिवाय आकडा मिळत नाही, हे खरं. पण तो आकडा म्हणजे कुणाची तरी आई होती.

त्याच अभ्यासात ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघण्याच्या पद्धतीने मृत्यू लक्षणीय घटले नव्हते. मुंबईच्या वस्त्यांमधल्या टाटाच्या अभ्यासात मात्र त्याच पद्धतीने ते ३१ टक्क्यांनी घटले. तो निष्कर्ष २०१४ चा. सरकारी तपासणीत तिशीपुढच्या बायकांसाठी हीच पद्धत ठरली.

आज आशाताई घरी येते, फॉर्म भरते. तंबाखू खाता का, चूल कशावर पेटते, असे प्रश्न त्यात आहेत. मुरबाडच्या पाड्यावरची बाई त्यांची उत्तरं देते. उस्मानाबादच्या बायकांनी मिळवून दिलेली एचपीव्ही चाचणी तिच्या उपकेंद्रात नेहमीची व्हायला हवी, आणि तीही फुकट.