सरासरी एफपीएस बघून ग्राफिक्स कार्ड घेऊ नका

"ताई, दोन्हीपैकी कुठलं घेऊ?" मामेभावाचा मेसेज आणि सोबत एका तुलनेचा स्क्रीनशॉट. एकीकडे आरटीएक्स ४०६०, ८ जीबी, नवीन. दुसरीकडे आरटीएक्स ३०६०, १२ जीबी, ओळखीतल्या एकाने वापरलेलं आणि बरंच स्वस्त. भाऊ सांगलीत लग्नांचं शूटिंग-एडिटिंग करतो आणि रात्री गेम खेळतो. लग्नसराईच्या आत कार्ड हवं होतं आणि पैसे एकदाच जाणार होते. स्क्रीनशॉटमध्ये ४०६० चा सरासरी एफपीएस जास्त दिसत होता. मग प्रश्न उरतोच कुठे?

उरतो. माझं पीएच.डी.चं काम सर्व्हर मधेच उशिरा का उत्तर देतात यावर आहे, आणि या विषयात पहिल्याच वर्षी एक गोष्ट डोक्यात पक्की बसते: सरासरी चांगली असूनही अनुभव वाईट असू शकतो.

साधा हिशेब करू. ६० एफपीएस म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, प्रत्येकीला साधारण १६.७ मिलिसेकंद. आता दुसरा सेकंद घ्या. ५९ फ्रेम प्रत्येकी १४ मिलिसेकंदांत आल्या, म्हणजे ८२६ मिलिसेकंद. शेवटच्या एका फ्रेमला १७४ लागले. बेरीज तीच, एक सेकंद. एफपीएस तोच, ६०. पण या दुसऱ्या सेकंदात चित्र जवळपास सहाव्या हिश्श्याएवढा वेळ गोठलं होतं, आणि नेमकं तेवढ्यात समोरच्याने गोळी घातली. तासाला चार बस आहेत असं सांगितलं आणि चारही एकामागोमाग येऊन गेल्या, तर वेळापत्रक खोटं ठरत नाही. आपण मात्र पुढचा तासभर थांब्यावर उभे.

ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीत ही गोष्ट २०११ मध्ये स्कॉट वॉसन यांनी 'द टेक रिपोर्ट'मधल्या लेखात नीट मांडली. सेकंदाला किती फ्रेम आल्या हे मोजण्याऐवजी त्यांनी प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला ते मोजलं. आज तुलनांमध्ये '१ टक्का लो' नावाचा जो आकडा दिसतो, तो याच विचारातून आला. सगळ्यात मंद १ टक्का फ्रेमच्या वेळी गाडी किती हळू होती, हे तो सांगतो.

एक टक्का म्हणजे किरकोळ वाटतं ना? ६० एफपीएसला मिनिटाला ३६०० फ्रेम होतात. त्यातल्या ३६ मंद, म्हणजे दर पावणेदोन सेकंदांना साधारण एक झटका. गूगलच्या जेफ डीन आणि लुइझ बरोसो यांनी २०१३ मध्ये सर्व्हरबद्दल असंच दाखवलं होतं. शंभरातली एकच विनंती रखडत असेल, पण एका कामासाठी १०० सर्व्हरना विचारावं लागत असेल, तर सुमारे ६३ टक्के कामं रखडतात. दुर्मिळ गोष्ट पुरेशा वेळा घडायची संधी मिळाली की ती रोजची होते.

(एक सावधगिरी: '१ टक्का लो' काढायची पद्धत प्रत्येकाची वेगळी असते. एकाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी लावू नका.)

आता आपली दोन कार्डं. बहुतेक गेममध्ये सरासरीत ४०६० पुढे असतं, वीजही कमी खातं: ११५ वॅट, तर ३०६० ला १७० लागतात. पण गेमचे टेक्श्चर ८ जीबीत मावले नाहीत की मामला बदलतो. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीतून ४०६० ला सेकंदाला २७२ जीबी माल मिळतो. मेमरी भरली की उरलेला माल संगणकाच्या रॅममधून आणावा लागतो, आणि तो रस्ता सेकंदाला जेमतेम १६ जीबीचा. म्हणजे एक्स्प्रेसवेवरून एकदम गावातल्या बोळात. अशा वेळी बहुतेक फ्रेम वेळेवर येतात, काही अडकतात. सरासरी फारशी हलत नाही, पण हाताला झटके जाणवतात.

व्हिडिओचं गणित तर आणखी वेगळं. व्हिडिओ उलगडणं आणि पुन्हा बांधणं हे काम चिपमधला एक स्वतंत्र भाग करतो, आणि त्याचा एफपीएसशी काही संबंध नाही. ४०६० मधला हा भाग एव्ही१ प्रकारात व्हिडिओ तयार करू शकतो. ३०६० ला एव्ही१ नुसता वाचता येतो. भावाची तक्रार मात्र तिसरीच होती: टाइमलाइन अडखळते. कॅमेऱ्याची सेटिंग विचारली तर एचईव्हीसी, १० बिट, ४:२:२. इथेच गोम होती. हा प्रकार या दोन्ही कार्डांतला व्हिडिओचा भाग वाचूच शकत नाही. एनव्हिडियाने ती सोय आरटीएक्स ५० मालिकेपासून दिली. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरांमधल्या साध्या अंगच्या ग्राफिक्सला ते जमतं, पण भावाचा प्रोसेसर 'एफ' अक्षरवाला, म्हणजे अंगचं ग्राफिक्स नसलेला!

म्हणजे ज्या कामावर घर चालतं, त्यासाठी दोन्हीपैकी काहीही घेतलं असतं तरी टाइमलाइन अडखळतच राहिली असती.

त्याला म्हटलं, आधी एका लग्नाच्या फुटेजच्या प्रॉक्सी बनव आणि जुन्याच कार्डावर एडिट करून बघ. दुसऱ्या दिवशी फोन आला, "ताई, लोण्यासारखं चाललंय."

उरला गेमचा प्रश्न. त्याचा मॉनिटर ७५ हर्ट्झचा. त्याच्या आवडीच्या गेममध्ये सरासरी दोन्ही कार्डांची ७५ च्या वर, त्यामुळे ४०६० ची आघाडी त्याला पडद्यावर दिसणारच नव्हती. टेक्श्चर मात्र त्याला सगळ्यात वरच्या सेटिंगला हवेत. त्याने ३०६० घेतलं. वॉरंटी संपलेली असल्यामुळे आधी दोन तास गेम लावून तपासलं, आणि पॉवर सप्लाय पुरेल ना तेही पाहिलं. वाचलेल्या पैशांत बॅकअपसाठी हार्ड डिस्क आली.

तुमचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल, हलके गेम खेळत असाल किंवा एव्ही१ मध्ये स्ट्रीम करत असाल, तर तुमचं उत्तर ४०६० असू शकतं. म्हणून तुलना बघताना तीन गोष्टी विचारा: माझ्या रिझोल्यूशनला '१ टक्का लो' किती, माझ्या सेटिंगला मेमरी पुरते का, आणि माझ्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ हे कार्ड वाचतं का. सरासरी त्यानंतर.