बिल्डचं बटण दाबण्याआधी विचारा: गिऱ्हाईक कोण?

छोट्या दुकानदारांना बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवून देणं हा कमी भांडवलात होणारा धंदा आहे, हे मी नेहमी सांगतो. आज त्याच धंद्यात माझ्या हातून झालेली चूक सांगतो, म्हणजे तुमच्याकडून ती होणार नाही.

माझं स्टेशनरीचं दुकान. स्वतःसाठी व्हिज्युअल स्टुडिओत एक साधं बिलिंग ॲप केलं. ते बघून ओळखीच्या दोघांनी मागितलं. कोड तिघांचा एकच. बदलायचं एवढंच: दुकानाचं नाव, जीएसटी नंबर आणि प्रिंटरचा कागद. एकाचा ५८ मिलिमीटर, दुसऱ्याचा ८०. प्रत्येकाची सेटिंग फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये. बिल्ड करण्याआधी ती मी हाताने कॉपी करायचो.

एका रात्री घाईत कॉपी करायची राहिली. दुसऱ्या दिवशी हार्डवेअरवाल्या भाऊंच्या काउंटरवरून निघालेल्या बिलांवर माझा जीएसटी नंबर! दुपारी एका कॉन्ट्रॅक्टरच्या लक्षात आलं. "या बिलावर मला इनपुट क्रेडिट कसं मिळणार?" भाऊंनी सगळी बिलं पुन्हा करून दिली. मी त्यांची माफी मागितली, त्या महिन्याचे पैसे घेतले नाहीत. पण नवीन व्हर्जन पाठवलं की भाऊ कितीतरी दिवस आधी विचारायचे, "नीट बघितलंय ना?"

मग मी कॉपी करायचं काम स्वतःकडून काढून मशीनकडे दिलं. कसं ते बघा.

१. स्वतःचं व्हेरिएबल बनवा. प्रोजेक्ट फाइलमध्ये ग्राहकाच्या नावाची एक प्रॉपर्टी टाका. सुरुवातीला ती मुद्दाम रिकामी ठेवा.

२. प्री-बिल्ड इव्हेंटमध्ये अट लिहा. प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये ही जागा मिळते. इथे लिहिलेली कमांड बिल्डच्या आधी चालते. डॉलरचं चिन्ह देऊन कंसात प्रॉपर्टीचं नाव लिहिलं की तिची किंमत मिळते. माझी अट साधी आहे: डीबग असेल तर टेस्टची फाइल घे, रिलीज असेल तर त्या ग्राहकाच्या फोल्डरमधली घे, रिलीज आहे आणि ग्राहक रिकामा आहे, तर थांब. कमांडने शून्याऐवजी दुसरा एक्झिट कोड दिला की बिल्ड तिथेच फेल होतं. आपल्याला तेच हवंय!

३. नंबर तपासा. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. एक छोटी स्क्रिप्ट हे बघते. टायपिंगमध्ये एखादं अक्षर गळलं तर ते इथे सापडतं. पण लक्षात घ्या, माझी चूक यात सापडली नसती, कारण माझा नंबरही बरोबरच होता, फक्त दुकान चुकीचं होतं. म्हणून आधीच्या दोन पायऱ्या सोडू नका.

आता मी स्वतः अडखळलो त्या दोन जागा. पहिली: चार ओळींच्या कमांड असतील आणि मधली एखादी फसली, तरी शेवटची नीट चालली की बिल्ड पास होऊ शकतं. त्यामुळे प्रत्येक कॉपीनंतर तपासा आणि चूक असेल तर तिथेच बाहेर पडा. दुसरी: व्हिज्युअल स्टुडिओला प्रोजेक्टमध्ये काहीच बदललेलं दिसलं नाही, तर तो बिल्डच करत नाही आणि प्री-बिल्ड चालतच नाही. ग्राहकाला द्यायची कॉपी असेल तेव्हा नेहमी रीबिल्ड करा. फाइल आणि फोल्डरच्या नावात स्पेस असेल तर अवतरण चिन्हात लिहा, नाहीतर कमांड अडकते.

हे सगळं बसवायला मला एक रविवार लागला. तिसरा ग्राहक आला तेव्हा फक्त नवीन फोल्डर केलं आणि प्रॉपर्टीत नाव टाकलं. एवढंच.

आजचा गृहपाठ: माल ग्राहकाला देण्याआधी तुम्ही कोणत्या तीन गोष्टी "लक्षात ठेवून" करता, त्या वहीत लिहा. त्यातली चुकली तर गिऱ्हाईकाचं सगळ्यात जास्त नुकसान करेल, ती आधी मशीनकडे द्या. भेटूया पुढच्या व्हिडिओत!