संकेतस्थळांतील दुवा-रचना

संकेतस्थळांतील दुवा-रचना : संकेतस्थळांची पृष्ठे परस्परांशी ज्या दुव्यांनी जोडलेली असतात, त्यांच्या मांडणीस दुवा-रचना म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत जागतिक माहितीजालाची कल्पना मांडली. या जालात कोणीही अनुमतीवाचून दुसऱ्याच्या पृष्ठाकडे दुवा देऊ शकतो. संपूर्ण जालाचा आराखडा कोणी आखलेला नसूनही त्यात काही आकृतिबंध पुनःपुन्हा आढळतात.

गणितात पृष्ठ हा बिंदू व दुवा ही बाण असलेली रेषा मानून जालाचा दिशायुक्त आलेख काढतात. दुव्यास दिशा असते. ‘अ’ पृष्ठावरून ‘आ’ कडे जाता आले, तरी परतीचा मार्ग असेलच असे नाही. एका संकेतस्थळात सामान्यतः मुखपृष्ठापासून फुटणारी वृक्षरचना, क्रमाने येणाऱ्या पृष्ठांची साखळी आणि सर्व पृष्ठांवरून मुखपृष्ठाकडे परतणारे दुवे आढळतात.

आकृतिबंध शोधण्याची पद्धत : तीन बिंदू दिशायुक्त रेषांनी १३ प्रकारे जोडता येतात. आलेखात प्रत्येक प्रकार किती वेळा येतो हे मोजतात. नंतर प्रत्येक पृष्ठावर येणाऱ्या व त्यावरून जाणाऱ्या दुव्यांची संख्या तीच ठेवून दुवे यदृच्छ रीतीने पुन्हा जोडतात व तुलना करतात. यदृच्छ आलेखांपेक्षा लक्षणीय अधिक वेळा आढळणारा प्रकार हा खरा आकृतिबंध होय. नुसत्या विपुलतेस महत्त्व नाही. रॉन मिलो, उरी अलोन व त्यांचे सहकारी यांनी २००२ मध्ये ही पद्धत मांडली. नोत्र दाम विद्यापीठाच्या ३,२५,७२९ पृष्ठांच्या आलेखात परस्परांना दुवे देणाऱ्या तीन पृष्ठांचे त्रिकूट असे ठळकपणे आढळले. एकाच विषयाची पृष्ठे एकत्र गुंफली जातात, असा त्याचा अर्थ लावता येतो.

व्यापक रचना : बहुसंख्य पृष्ठांकडे थोडे, तर मोजक्या पृष्ठांकडे प्रचंड दुवे येतात. आंद्रेई ब्रॉडर व सहकाऱ्यांनी १९९९ मधील सु. २० कोटी पृष्ठांच्या पाहणीवरून जालाचा आकार गळपट्टीच्या गाठीसारखा ठरविला (२०००). मधल्या गाठीतील सु. ५.६ कोटी पृष्ठे परस्परांपर्यंत पोहोचू शकत होती. एका पंखातून गाठीत प्रवेश होई, पण गाठीतून तेथे जाता येत नसे. दुसऱ्या पंखाची स्थिती उलट होती. यदृच्छ निवडलेल्या दोन पृष्ठांमध्ये मार्ग असण्याची शक्यता सु. २४ टक्केच होती.

उपयोग व दुरुपयोग : जॉन क्लाइनबर्ग यांनी उत्तम दुवे देणारी सूचिपृष्ठे व अशा पृष्ठांकडून दुवे मिळविणारी अधिकृत पृष्ठे असा भेद केला. सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये दुव्यांवरून पृष्ठाची प्रतवारी करण्याची रीत मांडली. गूगल हे शोधयंत्र तीवर उभे राहिले. दुव्यांस असे मूल्य येताच परस्परांना कृत्रिम दुवे देणारे पृष्ठसमूह निर्माण झाले. अनैसर्गिक दाटपणावरून ते ओळखण्याचा प्रयत्न केला जातो. मात्र जवळच्या विषयांच्या प्रामाणिक पृष्ठांतही असा दाटपणा असू शकतो. शिवाय ज्या पृष्ठाकडे एकही दुवा जात नाही, ते केवळ दुव्यांवरून शोध घेणाऱ्यास सापडत नाही, मग त्यातील मजकूर कितीही मोलाचा असो. म्हणून दुवा-रचनेवरून पृष्ठाचे जालातील स्थान समजते. मजकुराच्या सत्यतेची पारख स्वतंत्रपणेच करावी लागते.