सत्तर किलो, एका हाताने!

पुण्याहून राजगडला निघालात, तर नसरापूरला हमरस्ता सोडून आत वळावं लागतं आणि मग मार्गासनी येतं. इथून साखर, गुंजवण्याकडे रस्ता फुटतो. सकाळी इथल्या दुकानांसमोर जरा उभं राहून ऐका. खर्रर्र... खडाड! एक शटर वर गेलं. लगेच शेजारचं. काही घरांच्या खालीही असाच गाळा असतो. कुणाची त्यात चारचाकी, कुणाची मोटारसायकल आणि भाताची पोती. तिथेही शटरच.

आता एक गणित करू. अडीच मीटर रुंद आणि तेवढंच उंच शटर घ्या. पत्रा सव्वा मिलिमीटर जाड. एक घनसेंटिमीटर पोलाद पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. करा गुणाकार. साठ किलो येतात ना? शिवाय पट्ट्या एकमेकींत अडकवायला कडा वळवलेल्या असतात, त्यांचाही पत्रा लागतो. म्हणजे झाले सत्तर. एवढं वजन आजी एका हाताने वर ढकलते आणि वर तुम्हालाच विचारते, "शाळेत नाही का जायचं?"

किल्ल्याचा दरवाजा याहून कितीतरी जड, पण त्याचं काम सोपं. तो खुंटावर आडवा फिरतो, त्याला उचलावं लागत नाही. शटरला मात्र पृथ्वीच्या ओढीविरुद्ध सरळ वर जायचं असतं. मग जोर कोण लावतं?

वर बघा. शटर ज्या पाइपावर गुंडाळलं जातं, त्या पाइपावर गोल डबे असतात. प्रत्येक डब्यात पोलादी पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग असते, चावीच्या खेळण्यात असते तशीच, फक्त दांडगी. गंमत म्हणजे चावी आपण देतच नाही. रात्री शटर खाली ओढतो, तेव्हा खाली येणारं वजनच स्प्रिंगला पीळ देतं. तो जोर रात्रभर डब्यात साठून राहतो आणि सकाळी आजीच्या मदतीला येतो.

खरी कमाल पुढे आहे. शटर पूर्ण खाली असतं तेव्हा सगळं वजन लटकत असतं आणि स्प्रिंगलाही सगळ्यात जास्त पीळ असतो. शटर वर जाऊ लागलं, की गुंडाळलेल्या पट्ट्यांचं वजन पाइप पेलतो आणि लटकणारं वजन घटतं. त्याच वेळी स्प्रिंगचा पीळही सुटत जातो. दोघं बरोबरीने कमी होतात! स्प्रिंगचा हा हिशोब इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने मांडला. हा गृहस्थ मोठा मिश्कील, किंवा संशयी म्हणा. आपला शोध कुणी पळवू नये म्हणून १६७६ साली त्याने तो अक्षरांची उलटापालट करून छापला आणि १६७८ साली स्वतःच कोडं सोडवलं : जसा ताण, तसं बळ.

म्हणून चांगलं शटर अर्ध्यावर सोडलं तर तिथेच थांबतं. खाली घसरलं, तर स्प्रिंग थकली. आपोआप वर पळालं, तर पीळ जास्त झाला. ही परीक्षा मोठ्या माणसांना घ्यायला सांगा, तुम्ही लांबून बघा.

आता शटरचा खरा शत्रू. आपल्या मावळात तो जूनमध्ये येतो आणि चार महिने मुक्काम ठोकतो. पाऊस! लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले, की गंज. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो फुगतो, पट्ट्यांच्या वळलेल्या कडा जाम होतात आणि शटर किंचाळायला लागतं. सगळ्यात आधी सडते ती खालची पट्टी, कारण रस्त्यावरचा चिखल तिच्यावरच उडतो. शटरच्या पत्र्यावर पुष्कळदा जस्ताचा थर असतो. जस्त भलतं उदार! ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं, तरी आधी आपण झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पण जस्त संपलं की संपलं. म्हणून मृग लागण्याआधी खालची पट्टी घासून तिला रंग लावायचा आणि पावसाळ्यात तिथला चिखल धुऊन कोरड्या फडक्याने पुसायचा.

पाऊस सरला, की शटरच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या खाचा तपासा. कुंभारमाशी तिथे मातीचं घर बांधते आणि एवढ्याशा घराने एवढं मोठं शटर अडतं. वरच्या झाकणात पाल असतेच. खंडेनवमीला शटरला हळदकुंकू लावता ना? त्याच दिवशी खाचा साफ करून पातळ तेलाचा हात फिरवा. गाडीचं जुनं काळं ऑइल ओतायची पद्धत मला मुळीच पसंत नाही. त्यात धातूची बारीक पूड असते, वर धूळ चिकटते आणि तेलाऐवजी खाचेत घासणारा लगदा तयार होतो. शिवाय ते ठिबकतं नेमकं शाळेच्या पांढऱ्या शर्टावर.

उन्हाळ्यात फार काही नाही. तापमान तीस अंशांनी वाढलं, तर तीन मीटरची पट्टी जेमतेम एक मिलिमीटर लांबते. तेवढी मोकळी जागा खाचेत ठेवलेलीच असते. धूळ तेवढी झटका.

अमेरिकेतल्या तुमच्या मावशीच्या गॅरेजला शटर नसेल, मोठमोठ्या फळ्यांचं दार असेल. ते १९२१ साली निघालं आणि १९२६ साली त्याला विजेची मोटर मिळाली. स्प्रिंग मात्र तिथेही आहेच. तिथल्या साध्या स्प्रिंगचं आयुष्य दहा हजार उघडझापींचं धरतात. दिवसातून एकदा उघडझाप केली तर सत्तावीस वर्षं. दुपारी वामकुक्षीसाठी दुकान बंद केलं, तर त्याच्या निम्मी! मोटरच्या दाराखाली कुणी सापडू नये म्हणून १९९३ पासून तिथे नियमच आहे, की काही आडवं आलं तर दाराने उलटं फिरून वर जायचं. तपासायला दाराखाली दीड इंच जाडीची लाकडी फळी आडवी ठेवतात.

आपल्या हाती ओढायच्या शटरला असं काही कळत नाही. म्हणून शटर वर-खाली होताना त्याच्याखालून पळायचं नाही, पट्ट्यांच्या फटीत बोटं घालायची नाहीत. आणि पीळ दिलेल्या स्प्रिंगला तर बाबांनीही हात लावायचा नाही. ती अचानक सुटली तर हाड मोडते. ते काम शटरवाल्या मिस्त्रीचं. तो आला, की दहा पावलं लांब उभं राहून त्याला विचारा, "काका, या डब्यात किती फेऱ्यांचा पीळ भरलाय?"