तेरावा राऊंड

दसऱ्याच्या अंकासाठी शस्त्रपूजेवर लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा मी नागोठण्यात होतो. आषाढ चालू, अंबा दुथडी भरलेली, खिडकीच्या गजांवरचा रंग फुगून आलेला. मनात आलं, हळदकुंकवाचं दरसाल छापून येतंच. या हवेत हत्यार तगतं कसं ते विचारू या. गावात लष्कराच्या ईएमई या दुरुस्ती-देखभाल शाखेतून निवृत्त झालेले एक आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे, राहतात. आळी त्यांना हवालदारकाका म्हणते.

पिस्तूल घरात असायचा प्रश्नच नव्हता. काकांनी टेबलावर स्टेपलर ठेवला. "हे समजा मॅगझिन."

इतिहास त्यांनी दोन वाक्यांत उरकला. आपलं ९ मिलिमीटरचं 'ऑटो १ए' ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं, पण घराणं ब्राउनिंगचं. जॉन ब्राउनिंग १९२६ साली वारला, अर्धवट काम बेल्जियममध्ये सेव्ह नावाच्या कारागिराने पुरं केलं आणि १९३५ साली तेरा राऊंडचं पिस्तूल आलं.

मग मात्र काका रंगले. गोळी सुटली की नळी आणि स्लाइड एकमेकींना धरून जराशा मागे सरकतात. नळी झुकून सुटते, स्लाइड एकटी मागे जाते, रिकामं केस बाहेर फेकते आणि स्प्रिंगच्या जोरावर परतताना पुढचा राऊंड नळीत ढकलते. एवढा सगळा संसार एका काडतुसाच्या धक्क्यावर! "त्या धक्क्यातून गंज, काजळी, सुकलेलं तेल आपापला हिस्सा कापून घेतात. उरेल त्यात पिस्तुलाने भागवायचं."

पण त्यांचा खरा राग मॅगझिनवर. स्टेपलरचं तोंड त्यांनी पकडीने केसभर फाकवलं आणि दाबलं. पिन वाकडी होऊन अडकली. "परेडला मॅगझिन फरशीवर पडतं. त्याचे ओठ असेच फाकतात, राऊंड नाक वर करून बसतो. जवान बिचारा पिस्तूल पुसत राहतो."

कोकणात यात ओलीची भर. चामड्याचं होल्स्टर रुबाबदार खरं, पण कमावताना चामड्यात उरलेले क्षार पाणी धरतात. पावसातली गस्त संपवून पिस्तूल तसंच होल्स्टरमध्ये राहिलं की लोखंडाला तांबूस भुकटी सुटते. त्यावर उपाय म्हणून तेल पाजणारेही त्यांनी पाहिलेत. जादा तेल धूळ गोळा करतं; प्रायमरपर्यंत झिरपलं तर काडतूस फुसकं निघू शकतं. फुलथ्रूने, म्हणजे दोरीला बांधून ओढलेल्या चिंधीने, नळी साफ, मग कोरडी चिंधी, शेवटी तेलाचा नुसता हात. बस.

हे इतकं सोपं, मग अडतं कुठे? काका थोडा वेळ पावसाकडे बघत बसले. तपासणीला चमक दिसते, स्प्रिंगचा थकवा दिसत नाही. पॉलिश पेपर घासून कुणी वरचा काळा थरच काढतो. साहेब खूश, गंजाला दार उघडं. कुठल्या पिस्तुलातून किती राऊंड गेले याची नोंद नसेल तर स्प्रिंग बदलायची कधी? मॅगझिनवर नंबर नसला तर बिघडलेलं मॅगझिन आज या पिस्तुलात, उद्या त्या पिस्तुलात, आणि दोष दर वेळी पिस्तुलाचा. वर्षानुवर्षं कोतात, म्हणजे शस्त्रागारात, पडून राहिलेल्या, दर दसऱ्याला फुलं वाहिलेल्या पिस्तुलावर त्यांचा सर्वांत कमी भरवसा.

ते स्वतः मॅगझिनमध्ये बाराच भरत. दाटीत तेराव्यामुळे पहिला अडखळतो, असा त्यांचा अनुभव. "आणि तेरावं आपल्याकडे कशाचं घालतात, ठाऊक आहे ना?"

मी निघालो तेव्हा काका नातीचं नेलपॉलिश शोधत होते. सापडल्यावर त्यांनी त्या बिघडलेल्या स्टेपलरवर ठळक लाल फुली मारली आणि मगच तो खणात टाकला.