विश्लेषण : मंडळाची वेबसाइट ऐन गणेशोत्सवात का कोलमडते? सीडीएन कोणते निवडावे?

लालबाग-परळची मंडळे, प्रभादेवीचे सिद्धिविनायक मंदिर, दादरची दुकाने, गिरगावातले पुस्तकविक्रेते या सगळ्यांचे एक दार रस्त्यावर आणि दुसरे मोबाइलवर असते. मंडळांचे हे दुसरे दार वर्षभर जवळपास ओस असते आणि भाद्रपदातल्या दहा दिवसांत अचानक गजबजते. आरतीच्या वेळा, देखाव्याचे फोटो, देणगीची पावती हे सगळे तेव्हाच हवे असते. त्या दहा दिवसांत पान उघडले नाही, तर पुढची संधी थेट पुढच्या वर्षी. अशा वेळी ‘सीडीएन लावून टाका’ असा सल्ला हमखास मिळतो. पण कोणाचे लावायचे, कितीला पडेल आणि तेच बंद पडले तर काय, हे सांगणारे कमी भेटतात.

सीडीएन म्हणजे नेमके काय?

कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क म्हणजे वेबसाइटच्या प्रती जगभरातल्या अनेक शहरांत ठेवून वाचकाला जवळच्या शहरातून देणारी यंत्रणा. स्वस्त होस्टिंग अनेकदा अमेरिकेतले असते. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जाऊन परत यायला एका फेरीला साधारण 0.2 सेकंद लागतात आणि पान दिसण्याआधी अशा तीन-चार फेऱ्या होतात. काचेच्या तंतूतून प्रकाशही सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटरच जातो. त्यामुळे कितीही महागडा सर्व्हर घेतला तरी हे अंतर तोडता येत नाही. प्रतच मुंबईत आणून ठेवणे हा उपाय.

लालबागकरांना हे समजायला सोपे आहे. मुखदर्शनाची रांग झरझर सरकते, कारण दर्शन दुरून होते. चरणस्पर्शाच्या, म्हणजे नवसाच्या रांगेला मात्र थेट मूर्तीपर्यंत जावेच लागते. फोटो, मजकूर, वेळापत्रक हे वेबसाइटचे मुखदर्शन. ते सीडीएन देते. देणगी भरणे, लॉगिन, पावती हा चरणस्पर्श. त्यासाठी मूळ सर्व्हरपर्यंत जावेच लागते. म्हणून सीडीएन लावूनही देणगीचे पान अडकू शकते आणि लोक नाहक सीडीएनला दोष देतात.

या व्यवसायाची सुरुवात 1998 मध्ये टॉम लेटन आणि डॅनी लेविन यांनी स्थापन केलेल्या अकामाईपासून धरली जाते. आज तिच्यासोबत क्लाउडफ्लेअर, अॅमेझॉनचे क्लाउडफ्रंट, फास्टली, गुगल, बनी अशी बरीच नावे आहेत.

सगळ्यांची केंद्रे मुंबईत आहेत, मग फरक काय?

देशात 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू करणाऱ्या विदेश संचार निगमची मोठी इमारत प्रभादेवीतच आहे. मुंबई हे तेव्हापासून देशाच्या इंटरनेटचे प्रवेशद्वार. क्लाउडफ्रंटने 2013 मध्ये मुंबईत केंद्र सुरू केले. इतर मोठ्या कंपन्याही इथे आहेत. तरीही ‘आमचे मुंबईत केंद्र आहे’ या जाहिरातीवर जाऊ नये. वाचकाची मोबाइल कंपनी आणि सीडीएन कंपनी यांच्यातली जोडणी कशी आहे, त्यावर सगळे ठरते. मोफत योजनेतील वाहतूक कायम जवळच्याच केंद्रातून जाईल, अशी हमी नसते. दादरमध्ये बसलेल्या माणसाला दादरच्या दुकानाचे पान सिंगापूरहून येऊ शकते.

हे तपासता येते. क्लाउडफ्लेअर आणि क्लाउडफ्रंट दोन्ही पानाच्या उत्तरासोबत केंद्राचा कोड पाठवतात आणि तो विमानतळाच्या तीन अक्षरी कोडवरून घेतलेला असतो. बीओएम म्हणजे मुंबई, एसआयएन म्हणजे सिंगापूर. वेबसाइट बनवणाऱ्याकडून दोन-तीन मोबाइल कंपन्यांच्या सिमवर हे पाहून घ्यावे, तेही संध्याकाळी गर्दीच्या वेळी. माहितीपुस्तिकेतल्या नकाशापेक्षा ही पंधरा मिनिटे जास्त सांगून जातात.

खर्च किती?

समजा, एका महिन्यात पान 10 लाख वेळा उघडले गेले आणि दर वेळी 4 एमबी गेले. म्हणजे 4,000 जीबी. क्लाउडफ्रंटच्या वापरानुसार बिलात महिन्याला पहिले 1 टीबी मोफत आणि पुढे भारतासाठी जीबीमागे सुमारे 11 सेंट असा जाहीर दर आहे. उरलेल्या 3,000 जीबीचे साधारण 327 डॉलर, म्हणजे डॉलर 90 रुपये धरल्यास 29 हजारांच्या पुढे. बनीचा आशियासाठीचा दर जीबीमागे 3 सेंट; तिथे 120 डॉलर, म्हणजे सुमारे 10,800 रुपये. काही ठिकाणी विनंत्यांची संख्याही वेगळी मोजतात, कर वेगळा. क्लाउडफ्लेअरच्या मोफत योजनेत जीबीचे मीटरच नाही. मात्र तिच्या आडून मोठाले व्हिडीओ वाटणे नियमात बसत नाही आणि अडचण आली तर फोन उचलणारे कोणी नसते. अकामाईसारख्या कंपन्या बहुधा करार करूनच दर ठरवतात. छोट्या मंडळाचा तो प्रांत नव्हे.

आता तेच फोटो दाबून पान 1 एमबीवर आणले तर? बनीचे बिल 2,700 रुपयांवर येते आणि क्लाउडफ्रंटवर डेटाचे शुल्क जवळपास शून्य होते. कंपन्यांची तुलना करण्याआधी देखाव्याचे 8 एमबीचे फोटो आवरावेत, हे सांगणारा सल्लागार खरा.

सीडीएनच बंद पडले तर?

पडते. 8 जून 2021 रोजी फास्टलीच्या एका ग्राहकाने सेटिंग बदलली आणि त्यातून जागा झालेल्या दोषामुळे जगभरातली बडी संकेतस्थळे बंद पडली. 21 जून 2022 रोजी क्लाउडफ्लेअरची 19 केंद्रे कोलमडली, त्यांत मुंबईही होती. 18 नोव्हेंबर 2025 रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी पाचच्या सुमारास क्लाउडफ्लेअर पुन्हा अडखळले. एक्स आणि चॅटजीपीटी वापरणाऱ्यांना त्याचा फटका बसला. बहुतांश वाहतूक सुरळीत व्हायला रात्रीचे आठ वाजले. त्यानंतर तीन आठवडेही झाले नसताना, 5 डिसेंबरला, शेअर बाजार सुरू असतानाच क्लाउडफ्लेअर सुमारे 25 मिनिटे अडकले. झिरोधा आणि ग्रोवर सौदे करणाऱ्यांना त्याची झळ बसली.

याहून गंभीर शक्यता म्हणजे कंपनीच गुंडाळली जाणे. एजिओ या जुन्या सीडीएन कंपनीने सप्टेंबर 2024 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जानेवारी 2025 मध्ये तिचे जाळे बंद झाले. ग्राहकांना घाईघाईने दुसरीकडे जावे लागले. 2023 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात एकाच वेळी 5.9 कोटी प्रेक्षक सांभाळणाऱ्या हॉटस्टारच्या आकाराच्या सेवेला एकाहून अधिक सीडीएन परवडतात. मंडळाला ते नको. डोमेनचे नाव एका कंपनीकडे आणि सीडीएन दुसऱ्या कंपनीकडे ठेवले, तरी अडचणीत वाट बदलता येते.

आणखी एक धोका आहे आणि तो वेगाच्या नादात विसरला जातो. 25 डिसेंबर 2015 रोजी स्टीम या गेमिंग सेवेच्या कॅशेची मांडणी चुकली आणि सुमारे 34 हजार जणांची खात्याची माहिती परक्यांना दिसू शकेल अशी स्थिती आली. देणगीच्या पावतीचे पान ‘सगळ्यांना एकच प्रत’ या नियमात गेले, तर एकाचे नाव, पत्ता आणि रक्कम दुसऱ्याच्या मोबाइलवर दिसेल.

मग निवडायचे कोणते?

छोट्या मंडळाने थेट प्रक्षेपण यूट्यूबवर सोपवावे आणि वेबसाइटसाठी मोफत योजना घ्यावी. पाच-दहा हजारांच्या सीडीएनपेक्षा ते पैसे मंडपात बरे. वर्षभर ऑनलाइन विक्री करणाऱ्या दादरच्या दुकानदाराने बनी किंवा क्लाउडफ्रंटसारखी, बिलावर मर्यादा किंवा इशारा लावता येईल अशी सेवा पाहावी. मोठ्या देवस्थानाने मात्र मदतीची वेळ लेखी देणारी सशुल्क योजनाच घ्यावी. बोट ठेवायला कोणीतरी हवे.

कोणतीही कंपनी निवडली तरी खाते कोणाच्या ई-मेलवर उघडले आहे, ते आधी पाहावे. बऱ्याचदा ते मंडळातल्या एखाद्या हुशार मुलाच्या वैयक्तिक पत्त्यावर असते. तो नोकरीसाठी परदेशी जातो आणि गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री पासवर्डचा ओटीपी त्याच्या बंद पडलेल्या नंबरवर जातो. खाते मंडळाच्या ई-मेलवर, किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे आणि बदल करायचे ते पाटपूजनाच्या आधी.