खुर्ची आधी हातात, मग कागदावर

तुमच्या होस्टेलच्या रूममधली खुर्ची जरा मागेपुढे हलवून बघा. कुरकुरते? डुगडुगते? आता गावाकडची जुनी बाज आठवा. तिचे पाय आणि आडव्या दांड्या बहुतेकदा एकही खिळा न मारता जोडलेल्या असतात. दांडीचं टोक तासायचं, पायात तेवढीच खाच पाडायची आणि ठोकून घट्ट बसवायचं. बस्स! आयडिया जुनी आहे, पण आउटडेटेड अजिबात नाही.

कारण झाड तोडलं तरी लाकूड गप्प बसत नाही. पावसाळ्यात दार फुगून अडकतं, उन्हाळ्यात तेच सहज लागतं, हे आपण दरवर्षी बघतोच. हे फुगणं-आकसणं रेषांच्या आडव्या दिशेने होतं. लांबीत फारसा फरक पडत नाही. खिळा मात्र आहे तेवढाच राहतो. त्याच्याभोवतीचं भोक हळूहळू मोठं होतं आणि जोड सैल पडतो. खाचेच्या जोडात लाकडाच्या चारही बाजू एकमेकींना धरतात, त्यामुळे सगळा ताण एका जागी येत नाही.

हे कळल्यावर डिझाइन कसं बदलतं, ते बघायचं तर डेन्मार्कचे हान्स वेगनर घ्या. चांभाराचा हा मुलगा 14 व्या वर्षी सुताराकडे उमेदवारीला लागला, डिझाइनच्या शाळेत नंतर गेला. चीनमधल्या मिंग काळातल्या खुर्च्यांवरून त्यांना कल्पना सुचत गेल्या आणि 1949 मध्ये ‘विशबोन चेअर’ तयार झाली. हात आणि पाठ मिळून लाकडाचा एकच तुकडा, तोही वाफेवर वाकवलेला. त्याला मागून आधार देते इंग्रजी ‘वाय’सारखी पट्टी. म्हणजे जी गोष्ट आपल्याला स्टाइल वाटते, ती खरं तर भार पेलते! बैठक कागदाच्या सुमारे 120 मीटर दोरीने हाताने विणलेली. सुंभाची बाज आठवली ना? ही खुर्ची 1950 पासून आजही बनतेय.

तुम्हालाही खुर्ची डिझाइन करायचीय? मग लॅपटॉप नंतर उघडा. बैठकीची उंची साधारण 45 सेंटीमीटर धरा आणि स्वतःला विचारा, माणूस मागे रेलला की भार कुठे जातो? मागचे पाय आणि बैठक जुळतात तिथे. तो जोड आधी ठरवा, आकार त्यावरून येऊ द्या. मग टाकाऊ लाकडावर तो एकच जोड करून बघा. रंधा आणि पटाशी हातात आली की कागदावरची कुठली रेघ खोटी होती, ते लगेच कळतं.

शिकवणारे मिस्त्री बहुधा तुमच्याच गल्लीच्या टोकाला असतील. तयार फर्निचर घरपोच यायला लागल्यापासून अनेकांच्या हाताला फक्त दुरुस्तीचं काम उरलंय. त्यांच्याकडे जरूर जा, पण ‘काका, जरा दाखवा ना’ म्हणून फुकटात शिकू नका. कोचिंग क्लासची फी भरतोच की आपण. तशीच त्यांच्या वेळेचीही भरा.